हादगा लावायचाय? मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी बियाण्यापासून भाजीपर्यंत

शेवगा सगळ्यांना ठाऊक आहे, हादगा मात्र अर्ध्या लोकांना नुसता नावाने माहीत असतो. दारात किंवा बांधावर एखादे झाड असावे असे वाटते, पण रोप कुठून आणायचे, आपल्या काळ्या रानात जगेल का, फुले कधी लागतील आणि खताचे पैसे खरेच वाचतील का, हे सांगणारा भेटत नाही. मी बांधावर आणि गोठ्याच्या मागे हादगा वाढवला आहे. तेवढ्या अनुभवातून आणि शेतीच्या जाणकारांकडून जे पक्के कळले, ते क्रमाने सांगतो.

हादगा, म्हणजे संस्कृतातला अगस्त्य, हे शेंगवर्गातले बहुवर्षायू झाड आहे. शास्त्रीय नाव सेस्बानिया ग्रँडिफ्लोरा. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतो. फुलांची, कोवळ्या शेंगांची आणि पाल्याची भाजी होते, पाला शेळ्या आवडीने खातात, पाने-फुले-साल वैद्यकीत वापरतात. वाढतो भराभर, लाकूड मऊ, आयुष्य बेताचे. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या शेवटच्या तीन गुणांमधून निघतात, म्हणून ते ध्यानात ठेवा.

१. आधी ठरवा, कशासाठी लावताय

घरच्या भाजीपुरता हवा असेल तर दोन-तीन झाडे पुष्कळ झाली. शेळ्यांच्या चाऱ्यासाठी हवा असेल तर दाट ओळ लागते, दोन झाडांत साधारण १ मीटर. बांधावर फुले, पाला आणि थोडा आडोसा असे तिन्ही हवे असेल तर ३ मीटरवर एक झाड लावा. पानमळ्यात वेलीला आधार म्हणूनही लोक हादगा, शेवरी, पांगारा लावतात, पण ते वेगळे तंत्र आहे, पानमळेवाल्याकडूनच शिका.

एकरभर हादगा लावून फुले विकायचा विचार असेल तर थोडे थांबा. फूल नाजूक असते, सकाळी तोडलेले संध्याकाळपर्यंत मलूल होते. जवळ मोठी भाजी मंडई नसेल तर माल घरातच राहतो. आठवडी बाजारात चार वाटे सहज खपतात, टोपलीभर खपतीलच असे नाही.

२. जागा निवडा

भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि तिथे शेवगा मूळकुज होऊन मरतो. हादगा ते सहन करतो. चोपण, खारवट जमिनीतही तो तग धरतो. मराठवाड्यात त्याची खरी सोय इथेच आहे, कारण जिथे दुसरे झाड लावायला मन धजत नाही, नाल्याकाठची ती पट्टी त्याला चालते. उथळ मुरमाड जमिनीत मात्र तो खुरटतो. तशीच जागा असेल तर खड्डा मोठा घ्या आणि तलावातला गाळ मिळाला तर अर्धा खड्डा गाळाने भरा.

त्याला चालत नाहीत अशा गोष्टी दोन. एक थंडी. डिसेंबर-जानेवारीत परभणी, संभाजीनगरकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा कोवळी झाडे पाने टाकतात. मोठे झाड फेब्रुवारीत पुन्हा फुटते, पण नदीकाठच्या, धुके साचणाऱ्या खोलगट जागी लहान रोपांचे हाल होतात. दुसरा वारा. मुळे फार खोल जात नाहीत आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे एप्रिल-मेच्या वळवात फांदी काडकन मोडते. म्हणून पत्र्याच्या घराला लागून, विजेच्या तारेखाली किंवा जनावरे बांधायच्या दावणीवर झुकेल असा हादगा लावू नका. भिंतीपासून ४-५ मीटर अंतर ठेवा.

आणखी एक पाहा. शेजारच्या उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी तणनाशक फवारतात का? त्याचे तुषार वाऱ्याने आले की रुंद पानांच्या झाडांचे शेंडे वेडेवाकडे होतात. हादगा त्यात पहिला. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

३. बी ओळखून घ्या, इथे सगळ्यात जास्त फसगत होते

हादगा म्हणून शेवरी गळ्यात मारली जाते. दोन्ही एकाच कुळातल्या, पाने सारखी, लहानपणी ओळखू येत नाहीत. शेवरी वाईट नाही, चाऱ्याला उत्तमच, पण तिची फुले पिवळी आणि लहान. तुम्हाला भाजीची मोठी फुले हवी असतील तर फुलावर किंवा शेंगेवर आलेले मूळ झाड पाहूनच बी घ्या. हादग्याचे फूल पांढरे किंवा गुलाबी-लाल, बोटाएवढे लांब, चंद्रकोरीसारखे वाकलेले. शेंग फूटभर, कधी दीड फूट लोंबते. हिरवळीच्या खताचा धैंचाही याच कुळातला. तो वर्षायू, त्याच्या पिशवीतून हादगा निघणार नाही.

पांढरा घ्यायचा की लाल? भाजीसाठी बहुतेक घरी पांढरा पसंत करतात. लाल फुलाचा दिसायला छान, चवीला थोडा कडवट लागतो असे आमच्याकडच्या बायकांचे मत आहे आणि मला ते पटते.

बाजारात विचारताना एवढे माहीत असू द्या, की हिंगोली-नांदेडच्या पलीकडे विदर्भात याला हेटा म्हणतात आणि तेलंगणाकडचे लोक अविसे म्हणतात. नाव वेगळे ऐकून परत फिरू नका.

झाडावरच वाळलेल्या, तपकिरी शेंगा घ्या. बी काढून पाण्यात टाका. भोक पडलेले, हलके बी वर तरंगते, ते फेकून द्या. एका किलोत हजारो बिया बसतात, त्यामुळे दहा झाडांसाठी मूठभरही जास्तच होते. कुणी किलोच्या भावाने गळ घातली तर हसून पुढे जा.

४. जमवायचे साहित्य

- ताजे, न किडलेले बी
- पिशव्यांत रोपे करायची असतील तर खोलगट पिशव्या, माती आणि कुजलेले शेणखत
- कुदळ, टिकाव, घमेले
- जुन्या हादग्याखालची ओंजळभर माती (कशाला ते पुढे)
- कुंपणासाठी बोराट्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या
- आधाराला बांबू किंवा तुऱ्हाटीची जाड काठी, सुतळी
- पुढे फुले तोडायला लांब काठीची आकडी

५. पेरणी किंवा लागवड

बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. उकळते पाणी ओतायची गरज नाही, सुबाभळीसारखे याचे कवच हट्टी नसते. दोन चांगले पाऊस होऊन ओल खाली उतरली की जून-जुलैत जागेवरच टोकणे सगळ्यात बरे. सोटमूळ सरळ जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फायदा दिसतो. एका जागी दोन-तीन बिया, १ ते २ सेंटिमीटर खोल. त्याहून खोल टाकले तर काळी माती वरून घट्ट होते आणि कोंब आतच वळतो. आठवडाभरात कोंब दिसू लागतात. वीतभर झाले की एक जोमदार ठेवून बाकीचे कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळे हलतात.

रोपे करूनच लावायची असतील तर एप्रिलअखेर पिशव्या भरा. दोन महिन्यांत फूटभर रोप होते. पिशवीत जास्त दिवस ठेवले की मूळ तळाला गोल फिरते आणि तसे झाड नंतर वाऱ्याने आडवे होते. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे. तळाला दोन घमेली शेणखत. रासायनिक नत्र टाकू नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचा आळस करते. स्फुरदाची गरज गाठींना असते, म्हणून मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळले तर चालेल.

आता त्या ओंजळभर मातीचे. गाठी करणारे जिवाणू आपल्या बहुतेक जमिनींत असतातच, तरी नवीन जागी जुन्या हादग्याच्या मुळाजवळची माती थोडी थोडी टाकली तर सुरुवात लवकर होते. सोयाबीनसाठी आणलेले रायझोबियमचे उरलेले पाकीट इथे वापरून उपयोग नाही, ते जिवाणू सोयाबीनचे. पाकीटच हवे असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पीक सांगून विचारा. माती मात्र निरोगी झाडाखालचीच घ्या, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिबारीक जंत) असलेल्या झाडाखालची आणलीत तर रोगही घरी आणाल.

६. पहिला उन्हाळा

ज्याचा हादगा पहिल्या मे महिन्यातून निघाला त्याचा पुढे निघतो. फेब्रुवारीपासून १०-१२ दिवसांनी झाडाला दोन बादल्या पाणी, बुंध्यापासून वीतभर लांब. आळे करून त्यावर सोयाबीनचे कुटार किंवा उसाचे पाचट पसरवा. पाण्याची ओढाताण असेल तर तळाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके बुंध्याजवळ पुरा, टँकरच्या दिवसांतही तेवढे जमते.

शेळ्यांपासून राखणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे. पाला तर खातातच, कोवळी साल सोलली की झाड गेलेच. बोराट्यांचे कुंपण छातीएवढे करा आणि झाड त्याच्या वर गेल्याशिवाय काढू नका.

७. गाठी तपासा

पावसाळ्यात, साधारण दोन महिन्यांनी, जास्तीचे एखादे रोप ओल्या जमिनीतून मुळांसकट अलगद काढा. मुळे पाण्यात धुवा. मुळाच्या बाजूला चिकटलेल्या गोल गाठी दिसतील. नखाने ढकलली की सुटते ती नत्राची गाठ. ती मधून चिरा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर काम चालू आहे, पांढरी-हिरवट असेल तर अजून नाही किंवा बंद पडले.

गाठ सुटत नसेल, मूळच फुगून मणी झाल्यासारखे असेल, तर ते सूत्रकृमीचे काम. अशा जागी पुढे वांगी-टोमॅटोही लावू नका. या दोन गाठींत गल्लत करून खूश होणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि बाजूच्या कपाशीचा युरिया बंद करता येईल का? नाही. झाड जिवंत असताना त्याने धरलेला नत्र मुख्यतः त्याच्याच पानांत-शेंगांत असतो. शेजारच्या पिकाला तो मिळतो पाला गळून कुजल्यावर. वाळलेल्या पाल्यात साधारण २५ टक्के प्रथिने असतात, म्हणजे १०० किलो वाळल्या पाल्यात ४ किलोंच्या आसपास नत्र, युरियाच्या हिशेबात साडेआठ-नऊ किलो. तोही एका दमात मिळत नाही, कुजेल तसा मिळतो. म्हणजे बांधावरची चार झाडे तुमचा खताचा खर्च मिटवणार नाहीत. परसातल्या आळ्यांना, लिंबाच्या दोन झाडांना पाला घातला तर फरक दिसतो, तेवढीच अपेक्षा ठेवा.

८. छाटणी: मुंडी उडवू नका

सुबाभूळ कितीही खाली तोडा, पुन्हा फुटते. हादगा तसा नाही. कंबरेएवढ्या उंचीवर खोड वरचेवर तोडले की एक-दोनदा फुटतो, मग एका बाजूने वाळत जातो. त्यामुळे पाला हवा असेल तर खालच्या आणि बाजूच्या फांद्या घ्या आणि शेंडा राहू द्या. एका वेळी निम्म्याहून जास्त पाला काढू नका. पहिली तोडणी झाड डोक्याच्या वर जाऊन खोड मनगटाएवढे झाल्यावर. पुढे पाऊस-पाणी असेल तर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात अजिबात नाही.

कोयता धारदार हवा. बोथट कोयत्याने साल सोलवटते आणि तिथून खोडकिडा शिरतो. बुंध्यावर भोक आणि भुसा दिसला तर तारेने अळी बाहेर काढा किंवा मारा आणि भोक चिखलाने लिंपा. पाने खाणाऱ्या हिरव्या अळ्या पावसाळ्यात येतात, लहान झाडावर हाताने वेचल्या तरी भागते. भाजीला फुले-पाला घेणार असाल तर फवारणीचे औषध वापरायचेच नाही, असा घरात नियमच करा.

९. फुले तोडणे आणि भाजी

बहुतेक झाडे दुसऱ्या हंगामात फुलतात, काही हौशी त्याआधीच. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो त्या सुमारास कळ्या दिसू लागतात आणि पुढे हिवाळाभर तोडे मिळतात. फुले झुबक्यांनी लटकतात, दोन-तीन वर्षांत हाताला येत नाहीत. झाडावर चढू नका, पोराला तर मुळीच चढवू नका, ही फांदी माणूस पेलत नाही. आकडीने झुबका ओढा, खाली जुने लुगडे धरा.

सकाळी, पुरती न उमललेली फुले घ्या. आता साफ करायची रीत. फुलाच्या देठाजवळची हिरवी वाटी काढा. पाकळ्या उघडल्या की आत केसरांची वाकडी जुडी आणि त्यातच एक जाडसर दांडी दिसते. ती बोटाच्या चिमटीत धरून ओढा, अख्खी बाहेर येते. भाजी कडू झाली म्हणणाऱ्यांनी नव्वद टक्के वेळा हीच दांडी ठेवलेली असते. आत मुंगी, बारीक अळी आहे का तेही तेव्हाच दिसते. मिठाच्या पाण्यातून एकदा काढा, भिजत ठेवू नका.

फुले शिजून एकदम खाली बसतात, परात भरून घेतली तर कढईत वाटीभर राहतात. जरा जास्तच घ्या. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की चिरलेली फुले, हळद, मीठ. पाणी घालू नका, तिचे तिला सुटते. झाकण पाच मिनिटे. शेवटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पेरून एक वाफ. पीठ नको असेल तर दाण्याचा कूट. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खा. अख्ख्या फुलांची भजीही होतात, पाहुण्यांना तीच आधी आवडतात.

कोवळ्या, नखाने सहज तुटणाऱ्या शेंगा गवारीसारख्या करतात. पाला उग्र आणि कडसर असतो. फक्त शेंड्याची पाने घ्या, उकळून पाणी पिळून टाका, मग मुगाच्या डाळीत घाला. पिकलेल्या बिया खायच्या नाहीत.

१०. शेळ्या आणि कोंबड्या

उस्मानाबादी शेळ्यांना हा पाला दिला की दुसऱ्या दिवशी त्या तुमच्या आवाजावर धावत येतात. म्हणूनच आवर घाला. नुसता हादगा देऊ नका. कडबा, गवत, सोयाबीनचे कुटार यांच्या जोडीला, एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शापर्यंत. पहिल्या आठवड्यात अगदी थोडा द्या, तोडल्यावर तास-दोन तास सुकवून. ओला पाला पोटभर खाल्ला की पोट फुगण्याची भीती असते.

कोंबड्यांना मात्र हा पाला घालू नका. त्यांना तो विषारी ठरतो. अंगणात झाड असेल तर खाली पडलेला पाला झाडून घ्या.

११. औषध म्हणून

पाने आणि फुलांमध्ये अ जीवनसत्त्वाला पूरक द्रव्ये असतात, पाल्यात कॅल्शियमही चांगले. रातांधळेपणावर फुलांची भाजी खायची जुनी रीत आहे आणि आहार म्हणून ती उत्तमच आहे. आयुर्वेदात सर्दी-डोकेदुखीवर पानांच्या रसाचे नस्य सांगितले आहे, चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापावरही. हे वाचून घरी रस काढून नाकात सोडू नका. मात्रा, वेळ, रुग्णाची प्रकृती हे वैद्याने पाहायचे असते. फुलाचा रस डोळ्यांत घालण्याचा सल्ला कुणी दिला तर सरळ नकार द्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तापात हिवतापाची रक्ततपासणी आधी करा. गरोदर बाईने आणि ज्यांची कायमची औषधे चालू आहेत त्यांनी काढे-रस विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजी खायला हरकत नाही.

दुकानात मिळणारा ‘अगस्त्य हरीतकी’ अवलेह या झाडाचा नव्हे. ते नाव ऋषींचे, मुख्य द्रव्य हिरडा.

१२. सरकारी मदत हवी असेल तर

रोजगार हमीतून बांधावर आणि पडीक जमिनीवर झाडे लावण्यासाठी राज्य शासनाने जी यादी दिली, तीत शेवगा, कढीपत्त्याबरोबर हादगाही आहे. यंदा तुमच्या गावात काम निघणार का, हे ग्रामरोजगार सेवकाला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) उन्हाळ्यातच विचारा. जूनमध्ये गेलात तर पुढच्या वर्षाचे सांगतात. सोबत ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ, ताजे उतारे
- जॉब कार्ड
- आधार कार्ड, आधारशी जोडलेले बँक पासबुक
- सामायिक खाते असेल तर बाकी खातेदारांचे संमतीपत्र
- ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जाची पोच

पोच घ्यायला विसरू नका, तोंडी ‘नाव घातलंय’ यावर बसू नका. खड्डे मंजुरीनंतरच खोदा, कारण कामाआधीचे आणि नंतरचे फोटो लागतात. पैसे झाडे जगल्याच्या हिशेबाने, टप्प्याटप्प्याने येतात. पाच-सहा झाडांसाठी ही धावपळ परवडत नाही, तेवढ्यासाठी शेजाऱ्याची शेंग बरी.

१३. पुढची रोपे आधीच तयार ठेवा

हादगा चिंचेसारखा नातवंडांसाठी लावायचे झाड नाही. चांगला जपला तर पंधरा-वीस वर्षे, वारंवार तोडला तर त्याच्या निम्मीही नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दरवर्षी दोन शेंगा झाडावर वाळू द्या, बी काचेच्या बरणीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा आणि एक-दोन नवी झाडे जुन्याच्या जवळच्या मोकळ्या जागेत लावत जा. जुने वाळले की खोड तोडा. सरपण म्हणून ते हलके, भुर्रकन जळणारे, चहापुरते. मुळे मात्र उकरू नका, जमिनीतच कुजू द्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल लावा, हादग्याने साठवलेला नत्र तिथे वेलाच्या कामी येतो.